कॅमेरा चौथ्या तासाला

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मुलांना छायाचित्रण शिकवण्याचा आठ तासिकांचा तुझा आराखडा वाचला. पहिल्या तासाला कॅमेऱ्याचे भाग, दुसऱ्याला अॅपर्चर-शटर-आयएसओ ही उजेड आवरायची तीन मापं, तिसऱ्याला रचनेचे नियम आणि अगदी शेवटी ‘कला म्हणून छायाचित्रण’. हा क्रम उलटा कर. यंत्र आधी शिकवलं की मुलं यंत्रातच अडकतात. बटणं त्यांना तुझ्याआधी सापडतील, त्याची काळजी नको. उजेड कुठून येतोय, तो वस्तूचं काय करतोय, चौकटीत काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे मात्र कुणीतरी दाखवल्याशिवाय दिसत नाही. म्हणून पहिले तीन तास कॅमेरा कपाटात राहू दे.

पहिला तास अंधाऱ्या खोलीचा. ज्या खिडकीसमोर झाडं, इमारती, ये-जा असं काहीतरी आहे, ती खोली निवड. ऊन समोरच्या दृश्यावर पडत असावं, खिडकीत नव्हे. वर्ग सकाळचा असेल तर आदल्या दिवशी सकाळीच जाऊन बघ, कारण दुपारपर्यंत ऊन बाजू बदलतं. खिडकी काळ्या जाड कागदाने पूर्ण बंद कर, फटींवर अॅल्युमिनियमची फॉइल आणि चिकटपट्टी लाव. मध्ये एक सेंटिमीटर व्यासाचं गोल भोक. दिवे बंद केल्यावर पहिली पाच मिनिटं कुणालाच फारसं काही दिसणार नाही आणि मुलं कुजबुजायला लागतील. घाई करू नकोस, डोळे सरावायला दहा मिनिटं जातात. मग समोरच्या भिंतीवर बाहेरचं जग उलटं उमटलेलं दिसेल: आभाळ खाली, रस्ता वर, चालणारी माणसं डोक्यावर. चित्र दिसलंच नाही तर बहुतेक वेळा कारण एकच असतं, दाराखालची फट. चित्र दिसतंय पण पुसट आहे, तर भोक मोठं झालंय किंवा आभाळ भरून आलंय.

आता एका मुलाच्या हातात पांढरा पुठ्ठा दे आणि त्याला भोकाच्या दिशेने चालत यायला सांग. जवळ येईल तसं चित्र लहान आणि उजळ होत जाईल. त्यानंतर भोक चार सेंटिमीटरचं कर आणि तिथे वाचनाच्या चष्म्याचं +1 नंबरचं भिंग बसव. या भिंगाचं नाभीय अंतर, म्हणजे दूरचं दृश्य जिथे रेखीव उमटतं ते अंतर, एक मीटर असतं, त्यामुळे पुठ्ठा साधारण एक मीटरवर धरला की दूरचं दृश्य एकदम लख्ख आणि रेखीव दिसतं. पुठ्ठा वीतभर मागेपुढे केला की विरघळतं. हा झाला फोकस. भिंगावर पुन्हा एक सेंटिमीटर भोकाचा काळा कागद धर: चित्र मंद होईल, पण पुठ्ठा हलवला तरी रेखीवपणा टिकेल. हे झालं अॅपर्चर. आकडे नंतर दे. एफ/8, एफ/5.6 ही अॅपर्चरची मापं, आकडा लहान तर भोक मोठं; एफ/8 पेक्षा एफ/5.6 ला दुप्पट उजेड येतो, हे फळ्यावर पाच मिनिटांत सांगून होतं, पण आधी पुठ्ठा हातात धरलेला असला पाहिजे.

दुसऱ्या तासाला लागेल एक पांढरं अंडं. ऊन थेट येत नाही अशी एकच खिडकी उघडी ठेव, बाकी सगळे दिवे बंद. अंडं पांढऱ्या कागदावर, खिडकीपासून फूटभर अंतरावर, उजेड एका बाजूने येईल असं ठेव. मुलांना फोटो काढायला सांगू नकोस, पेन्सिलीने चित्र काढायला सांग. चित्र बरं येण्याची अजिबात गरज नाही. किती छटा दिसतात ते मोजायला लाव. पहिल्या फेरीत मुलं तीन सांगतील: उजळ, करडी, काळी. पुन्हा बघायला सांग. सर्वांत गडद पट्टा अंड्याच्या कडेला नसतो, कडेच्या थोडा अलीकडे असतो. कडेजवळ पुन्हा मंद उजेड दिसतो, तो खालच्या कागदावरून उसळून आलेला. आता पांढरा कागद काढून काळा ठेव. तो उजेड गेला, अंड्याची कड अंधारात बुडाली आणि तेच अंडं जड वाटायला लागलं. हा बदल झाल्यावर वर्गात जी शांतता होते तेवढी पुरे, तिच्यावर भाषण देऊ नकोस. नंतर अंडं खिडकीपासून दोन मीटर लांब ने. सावलीची कड अधिक ठाशीव होईल, कारण तिथून खिडकी लहान दिसते. उजेडाचा उगम वस्तूच्या मानाने मोठा तर सावली मऊ, लहान तर कडक. चेहऱ्यापासून ढगांपर्यंत सगळीकडे हेच लागू पडतं.

तासाच्या शेवटची दहा मिनिटं छायाचित्रकार आंद्रे केर्तेझचं 1928 मधलं काट्याचं छायाचित्र दाखव. बशीच्या कडेवर टेकलेला काटा आणि त्याची सावली, बाकी काही नाही. अंडं बघून झालेली मुलं ते चित्र वेगळ्या नजरेने बघतात. हेच चित्र पहिल्या दिवशी दाखवलंस तर ‘यात काय आहे?’ एवढंच ऐकू येईल, आणि प्रश्न रास्तच असेल.

तिसरा तास सायनोटाइपचा, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने निळा ठसा उमटवण्याचा. शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने ही पद्धत 1842 मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षी वनस्पतींची अभ्यासक अॅना अॅटकिन्सने तिच्यातून समुद्रशैवालांची पुस्तकं छापायला सुरुवात केली. कॅमेरा नाही, भिंग नाही, फक्त ऊन आणि मांडणी. द्रावणं तू आदल्या दिवशी स्वतः कर, मुलांकडून करवून घेऊ नकोस, आणि हातमोजे व गॉगल घाल. एका बाटलीत 100 मिली पाण्यात 25 ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या बाटलीत 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. बाटल्या गडद रंगाच्या हव्यात. दोन्ही द्रावणं वेगळी ठेवली तर टिकतात, म्हणून वापरायच्या वेळीच समप्रमाणात मिसळ. ए5 आकाराच्या कागदाला दोन मिली मिश्रण पुरतं, म्हणजे वीस मुलांना प्रत्येकी दोन कागद दिले तरी 80 मिली. फेरिसायनाइडजवळ तीव्र आम्ल आणायचं नाही आणि ते तापवायचंही नाही, विषारी वायू निघतो.

कागद जलरंगाचा, जाड आणि शक्यतो अल्कधर्मी (आम्लाच्या उलट गुणाची) भर नसलेला घे. अल्कली या निळ्या रंगाची वैरी आहे. स्पंजाच्या ब्रशने, मंद पिवळ्या दिव्यात, आधी आडवे आणि मग उभे हात देऊन पातळ थर लाव. डबकं साचू देऊ नकोस. अंधारात पूर्ण वाळव. वाळलेला कागद पिवळसर-हिरवा दिसतो. निळसर दिसला तर त्याला उजेड लागलाय, तो बाद. पानं, जाळी, दोरा, फाटके कागद, जे मांडायचं ते मांडून वर काच दाब, म्हणजे कडा रेखीव येतील. उन्हात किती वेळ ठेवायचं ते पट्टीवर तपास: एका कागदाचे चार भाग करून 3, 6, 9 आणि 12 मिनिटं. उघडा भाग निळ्यावरून राखाडी, करपल्यासारखा झाला की उचल. मग पाण्यात, पिवळेपणा पूर्ण निघेपर्यंत पाच ते दहा मिनिटं धू. ओला ठसा फिका वाटेल, मुलं हिरमुसतील. पुढच्या दिवसभरात हवेने तो गडद होतो.

काय बिघडतं ते सांगून ठेवतो. धुताना सगळा निळा वाहून गेला तर ऊन कमी मिळालं किंवा कागद दमट होता. पांढरा भागही निळा आला तर लावताना उजेड लागला किंवा धुणं कमी पडलं. पाणी जड असेल तर निळा फिकटतो, अशा वेळी पहिल्या धुण्याच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर चालतं. दुसरा कागद मात्र लगेच देऊ नकोस. पहिले सगळे ठसे एका दोरीवर लाव आणि विचार, एकच पान वापरून दोघांचे ठसे इतके वेगळे का आले? एकाने पान मधोमध ठेवलं, दुसऱ्याने अर्धं कागदाबाहेर काढलं. निवड म्हणजे काय, हे इथे मुलांना स्वतःच्या हातचं दिसतं. मग दुसरा कागद.

चौथ्या तासाला कॅमेरा. मोबाइल पुरेसा आहे, दोघांत एक. प्रत्येकाला 24 फ्रेम, खोडायची परवानगी नाही, विषय एकच आणि साधा: खुर्ची, जिना, हात. विषय मोठा दिला, ‘निसर्ग’ किंवा ‘भावना’, की सगळे सूर्यास्त घेऊन येतात. मोबाइलची एक खोड आधी सांग. तो सावल्या आपणहून उजळतो आणि अंड्याच्या वेळी जे शिकवलंस ते पुसून टाकतो. एचडीआर, म्हणजे गडद-उजळ भाग आपोआप जुळवून घेणारी सोय, बंद करता आली तर बंद कर, नाहीतर पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा ते) पक्कं करायचं आणि उजेडाची पट्टी खाली ओढायची. पांढरी भिंत करडी का येते हेही तिथेच कळेल: कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोरचं सगळं मधल्या करड्या छटेचं आहे असंच वाटतं. चेहरा हातभर अंतरावरून काढला तर नाक मोठं येतं. दोष भिंगाचा नाही, अंतराचा आहे. दीड मीटर मागे जाऊन नंतर कडा कापल्या (क्रॉप केलं) की चेहरा जागेवर येतो. माणसांचे फोटो काढायचे तर विचारूनच, आणि मुलांचे चेहरे वर्गाबाहेर जाणार नाहीत हे पहिल्याच दिवशी ठरवून टाक.

एकतृतीयांशाचा नियम, म्हणजे चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग पाडणाऱ्या रेषांवर विषय ठेवायचा, तुझ्या आराखड्यात तिसऱ्या तासाला आहे. तो सहाव्याला ने, किंवा गाळलास तरी माझी हरकत नाही. नियम आधी हातात आला की मुलं वस्तू रेषेवर नेऊन ठेवतात आणि बघायचं थांबवतात. शिकवायचाच असेल तर शेजारी बेर्न्ड आणि हिला बेखर या छायाचित्रकार जोडप्याने टिपलेले पाण्याच्या टाक्यांचे मनोरे ठेव: समोरून, मधोमध, ढगाळ उजेडात, वर्षानुवर्षं तीच चौकट, आणि मग जाळीत एकाशेजारी एक मांडलेले. नियम मोडून काय साधलंय यावर मुलांना वाद घालू दे.

पाचवा आणि सहावा तास निवडीचा. माझ्या मते सगळ्या अभ्यासक्रमात हेच दोन तास महत्त्वाचे, आणि नेमके हेच घाईत उरकले जातात. प्रत्येकाच्या 24 फ्रेम एका कागदावर छोट्या छापून आण, काँटॅक्ट शीटसारख्या, म्हणजे फिल्मच्या सगळ्या फ्रेम एकत्र दाखवणाऱ्या छापासारख्या. पडद्यावर बघू नका. पडद्यावर एकेक फोटो येतो आणि जातो, कागदावर सगळे एकमेकांशेजारी उभे राहतात. काळ्या पुठ्ठ्याचे दोन ‘एल’ आकाराचे तुकडे दे, ते सरकवून चौकट लहान-मोठी करत बघायचं. मग दहा बाय पंधरा सेंटिमीटरच्या प्रती काढून जमिनीवर पसरायच्या.

चर्चेचा एकच नियम काटेकोर पाळ: ज्याचा फोटो त्याने पहिली तीन मिनिटं गप्प बसायचं. इतरांनी आधी फक्त दिसतंय ते सांगायचं. ‘छान’, ‘मस्त’, ‘उदास वाटतंय’ हे नंतर. मग विचार, नजर आधी कुठे गेली आणि तिथून कुठे? एक कोपरा हाताने झाक, काही हरवलं का? फोटोग्राफर आधी बोलला की सगळे त्याचं स्पष्टीकरण बघायला लागतात, फोटो बाजूला राहतो. दुसरी अडचण येईल ती कष्टांची. झाडावर चढून काढलेला फोटो मुलाला प्रिय असतो, पण कष्ट चौकटीत दिसत नाहीत. हे हळुवार सांग. आणि अस्पष्ट फोटो सरसकट बाद करू नकोस. एकोणिसाव्या शतकातली छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरन हिला वयाच्या 48व्या वर्षी पहिला कॅमेरा मिळाला, तिच्या मऊ फोकसवर त्या काळी भरपूर टीका झाली, आणि आज तिची व्यक्तिचित्रं त्या मऊपणासकट बघितली जातात. हात हलल्याचा धूसरपणा आणि ठरवून ठेवलेला धूसरपणा यांतला फरक ओळखायचा सोपा उपाय म्हणजे त्याच मुलाला तोच फोटो पुन्हा काढायला लावणं.

सातव्या तासाला प्रत्येकाने सहा फोटोंची मालिका लावायची. शेजारशेजारचे दोन फोटो तेच सांगत असतील तर एक काढून टाकायचा, जागा रिकामी राहिली तरी चालेल. आठव्याला मांडणी. चित्राचा मध्य प्रौढांसाठी जमिनीपासून साधारण 150 सेंटिमीटरवर ठेवतात. बघणारे लहान असतील तर 130 वर आण. सगळ्यांचे मध्य एका रेषेत, वरच्या कडा नव्हेत. खाली चिठ्ठीवर नाव, वर्ष आणि पद्धत. आशय लिहायचा नाही, कुणी कितीही गळ घातली तरी.

रसायनं मागवायला उशीर करू नकोस, ती यायला वेळ लागतो. मालिका जमिनीवर लागल्या की वरून एक फोटो काढून पाठव. क्रमाबद्दल काही सुचलं तर लगेच कळवतो.

तुझा,
जुना मास्तर