भूतानच्या राजाने सत्ता स्वतःहून का सोडली? तिथली लोकशाही खरी की नावापुरती?

भारताच्या सीमेवरच्या फुंटशोलिंगच्या गेटातून आठवडाभर फिरून आलेला प्रत्येक जण सांगतो, ‘राजाच मोठ्या मनाचा हो!’ मला हे उत्तर कधीच पटलेलं नाही. मन मोठं असेलही, पण सत्ता हप्त्याहप्त्याने सुटली: १९५३ मध्ये त्सोग्दू ही राष्ट्रीय सभा, १९९८ मध्ये रोजचा कारभार सभेने निवडलेल्या मंत्रिमंडळाकडे, १९९९ मध्ये टीव्ही आणि इंटरनेट. शेजारच्या सिक्कीमची गादी १९७५ मध्येच गेली होती, नेपाळची डगमगत होती. थिम्फूत हे कुणाला दिसत नसेल?

खरी गंमत २००७ च्या रंगीत तालमीत आहे. अक्षरशः रंगीत. निवडणूक आयोगाने एप्रिल-मेमध्ये देशभर लुटुपुटूची निवडणूक घेतली. पक्ष चार, नावं रंगांची: निळा, हिरवा, लाल, पिवळा. लाल उद्योगांचा, पिवळा परंपरेचा. पहिल्या फेरीत हेच दोघे पुढे आले, दुसऱ्या फेरीला उमेदवार म्हणून शाळकरी पोरं उभी केली आणि पिवळ्याने ४७ पैकी ४६ जागा मारल्या. पिवळा राजाचा रंग, झेंड्याचा वरचा अर्धा भाग तोच. जाहीरनामा कोण वाचतो! मार्च २००८ च्या खऱ्या मतदानातही एका पक्षाला ४५ जागा, दुसऱ्याला २.

मग नावापुरतीच का? नाही. त्याच २ वाल्यांनी २०१३ मध्ये ३२ जागा घेऊन सरकार बनवलं. दोन फेऱ्यांची पद्धत अजून तीच आहे: पहिलीत पक्षाला मत, वरचे दोनच पुढे. २०१८ आणि २०२३ मध्ये सत्ताधारी पक्ष पहिल्याच फेरीत घरी गेला. राजाही घटनेनुसार ६५ व्या वर्षी पायउतार होतो.

अर्थात उमेदवाराला पदवी लागते, भिक्षूंना मत नाही, आणि थिम्फूत नोकरी असली तरी मत नोंदणीच्या गावचंच.

आणि ‘आपल्याकडेही असा राजा हवा होता’ म्हणणाऱ्यांनी दक्षिणेतल्या नेपाळीभाषक ल्होत्शाम्पांबद्दलही बोलावं. १९८८ च्या शिरगणतीत १९५८ सालच्या वास्तव्याचा पुरावा मागितला, पुढे शाळांतून नेपाळी काढली, घो-किरा या पारंपरिक पोशाखाची सक्ती आली. लाखभर माणसं देशाबाहेर गेली. २००८ मध्ये मतदानाच्या रांगा लागल्या, तेव्हा त्यांतली बहुतेक नेपाळमधल्या झापा-मोरंगच्या छावण्यांत होती.