आध्यात्मिक आशीर्वादांसाठी आभार मानणे ही गरिबाने स्वतःची घातलेली समजूत आहे का?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: पगार पुरत नाही, घरभाडे थकले आहे, आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मात्र सांगितले जाते की धनापेक्षा आध्यात्मिक आशीर्वाद मोठे, त्यांच्यासाठी देवाचे आभार माना. ही नुसती मनाची समजूत नव्हे का, आणि तसे नसेल तर नोकरी व घर यांसाठी आभार मानणे हलक्या दर्जाचे ठरते का?

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देऊन टाकतो, कारण ते सोपे आहे. हलके मुळीच ठरत नाही. बायबलातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात इस्राएल लोकांना सांगितले आहे की पोटभर जेवून तृप्त झालात म्हणजे देवाचा धन्यवाद करा, आणि ही संपत्ती आपण आपल्या हाताच्या बळाने मिळवली असे मनात आणू नका, कारण ती मिळवण्याचे सामर्थ्य त्यानेच दिले आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातही वाइटाचे मूळ म्हटले आहे ते द्रव्याच्या लोभाला, द्रव्याला नव्हे.

पहिला भाग कठीण आहे. मी इंदूरचा, घरची भाषा मराठी, मंडळीतली उपासना हिंदीत, आणि आयुष्यभराची नोकरी मोती तबेल्याजवळच्या एका दस्तलेखकाकडची कारकुनी. हे सांगण्याचे कारण असे, की ज्या वचनावरून 'आध्यात्मिक आशीर्वाद' हा शब्दप्रयोग आला, ते इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातले तिसरे वचन आहे, आणि तो अध्याय मला प्रवचनांपेक्षा माझ्या कामातून अधिक उलगडला. मूळ ग्रीकमध्ये तिसऱ्यापासून चौदाव्या वचनापर्यंत एकच सलग वाक्य आहे. पत्र लिहिणारा प्रेषित पौल जणू श्वास न घेता एकेक देणे मोजत जातो. देवाने निवडले, दत्तक घेतले, अपराधांची क्षमा केली, वतनात वाटा दिला, पवित्र आत्म्याचा शिक्का मारला, आणि शेवटी तोच आत्मा 'विसार' म्हणून दिला. दत्तक, वतन, शिक्का, विसार हे सगळे शब्द कचेरीतले आहेत. आध्यात्मिक म्हणजे हवेतले काहीतरी, अशी जी आपली समजूत असते, तिला या यादीत जागाच नाही.

त्यातही विसार हा शब्द पाहा. आमच्याकडे इंदुरात व्यवहाराच्या वेळी कोणी विसार म्हणत नाही, बयाना म्हणतात, आणि हिंदी बायबलातही त्या जागी बयाना हाच शब्द आहे. ग्रीकमधला शब्दही बाजारातलाच, तोही सेमिटिक भाषा बोलणाऱ्या व्यापाऱ्यांकडून आलेला. मी शेकडो सौदेपत्रे लिहिली. बयाना देणारा मनुष्य घराचा ताबा अजून घेत नाही, पूर्ण किंमतही अजून मोजत नाही. पण दिलेल्या रकमेने तो बांधला जातो, आणि मागे फिरला तर बहुधा ती रक्कम गमावतो. इफिसकरांस पत्रात हा बयाना आपण दिलेला नाही, देवाने दिला आहे. बांधला गेला आहे तो देव. म्हणून ख्रिस्ती मनुष्य आभार मानतो तेव्हा 'माझ्याजवळ काही नाही, पण असू दे' असे तो म्हणत नसतो. व्यवहार सुरू झाला आहे, रक्कम हातात पडली आहे आणि उरलेले देणाऱ्याच्या शब्दावर आहे, असे तो म्हणत असतो. हे खरे नाही, असे आपण म्हणू शकता, आणि तो वाद वेगळा होईल. परंतु याला समजूत घालणे म्हणता येणार नाही, कारण समजूत घालताना नुकसान लहान करून दाखवावे लागते.

बायबल नुकसान लहान करून दाखवत नाही. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातील शेवटच्या अध्यायाचे कवन आपण सावकाश वाचा. अंजिराला फुलोरा नाही, वेलीला द्राक्षे नाहीत, जैतुनाचे पीक बुडाले, शेतांत धान्य नाही, वाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत. एवढे सगळे मोजून झाल्यावर तो 'तरी' म्हणतो आणि परमेश्वराच्या ठायी आनंद करीन असे सांगतो. त्याने आधी तोट्याचा पूर्ण हिशेब मांडला आहे. आपल्या मंडळ्यांत बहुतेक वेळा या 'तरी'पासूनच प्रवचन सुरू होते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की आपले भाडे थकल्याचे कोणाला सोयरसुतकच नाही.

हे मी घरी पाहिले आहे. माझे वडील कापडगिरणीत होते. नव्वदीच्या दशकात गिरणी बंद पडली आणि देणी अडकली. त्या दिवसांत बाहेरगावचे एक प्रचारक घरी आले आणि चहा पिता पिता म्हणाले की घरात विश्वास पुरेसा असता तर अशी वेळ आली नसती. मग जाताना, सर्व गोष्टींत आभार माना, असेही सांगून गेले. वडील काही बोलले नाहीत. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, उघड्या व उपाशी भावाला 'ऊब घ्या, तृप्त व्हा' असे म्हणून रिकाम्या हाताने वाटेला लावणाऱ्याचा जो समाचार घेतला आहे, तो मला त्या दिवसापासून पाठ आहे. आध्यात्मिक आशीर्वाद मोठे आहेत हे वाक्य स्वतःच्या तोंडी शोभते. दुसऱ्याच्या रिकाम्या डब्याकडे पाहून ते म्हणू नये.

वडिलांची स्वतःची रीत वेगळी होती. जेवणाआधीची प्रार्थना ते करीत, आणि ती लांब असे. वरण निवते म्हणून आई झाकण काढायचीच नाही. गिरणी चालू होती तेव्हा त्या प्रार्थनेत पगार येई, दिवाळीचा बोनस येई, धाकट्याच्या शाळेची फी येई. गिरणी बंद पडल्यावर यादीतून पगार गेला. पुढे बोनस गेला, मग आईच्या पाटल्या गेल्या. त्या प्रार्थनेत कधी नव्हत्या, पण त्या गेल्यावर प्रार्थना करताना वडिलांचा आवाज उतरला, हे मला चांगले आठवते. शेवटी एक ओळ उरली, जी आधीही सर्वांत शेवटी असे: 'आमची पापे क्षमा केलीस, आम्हाला तुझी लेकरे म्हटलेस, म्हणून तुझी उपकारस्तुती करतो.' ती ओळ त्यांनी मोठी केली नाही की तिच्यात रंग भरला नाही. ती होती तेवढीच राहिली. फक्त तिच्यापुढची गर्दी गेल्यामुळे आम्हाला ती पहिल्यांदा ऐकू आली.

उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगतो. पुढे मी फ्लॅट घेतला, घरासाठी प्रार्थना ठेवली, पाळक आले, आणि त्या संध्याकाळी मी उभा राहून जे आभार मानले त्यात चौरस फुटांपलीकडे काही होते असे म्हणवत नाही. क्षमेची ओळ मी विसरलोच. लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि एकच परत येतो. बरे तर सगळेच झाले होते. त्या नऊ जणांत मी कधी जाऊन बसलो ते मला कळलेही नाही. म्हणून, तंगीत आभार मानणे कठीण असे आपण म्हणता, त्यात मी एवढीच भर घालीन की भरल्या घरात ते अधिक कठीण असते, कारण तिथे देणाऱ्याची गरजच भासत नाही.

फिलिप्पैकरांस पत्र पौलाने बेड्यांत असताना लिहिले, आणि त्याच्या चौथ्या अध्यायात दोन्ही स्थिती एकत्र आहेत. विपन्नावस्थेत व संपन्नावस्थेत राहण्याचे रहस्य मी शिकलो, असे तो म्हणतो. 'शिकलो' हा शब्द महत्त्वाचा, म्हणजे ते त्याला जन्मजात येत नव्हते. आणि त्याच अध्यायात फिलिप्पैच्या लोकांनी पाठवलेल्या मदतीची पोचही तो देतो. तिथे त्याने वापरलेले ग्रीक क्रियापद त्या काळच्या पावत्यांवर लिहिले जात असे. आमच्या आजोबांच्या पेटीत होळकरी अमदानीतली मराठी कागदपत्रे होती. त्यांत अशा जागी 'भरून पावलो' असे लिहिलेले असे. पैशाची पोच द्यायला तेच शब्द, आणि मन तृप्त झाले हे सांगायलाही तेच.

गिरणीकडे अडकलेल्या वडिलांच्या देण्यांचा एक हप्ता ते गेल्यानंतर मिळाला. पावतीवर आईने सही केली. त्या रात्री जेवणाआधीची प्रार्थना तिने केली, आणि पैशाचा उल्लेख आमच्या घरच्या यादीत कितीतरी वर्षांनी परत आला. पण वडिलांची ओळ तिने आधी म्हटली, पैसे नंतर.