बाळ कशानं गेलं, हे हाडं सांगतात का?

प्रश्न : संग्रहालयात इनामगावच्या उत्खननातले दोन कुंभ पाहिले, तोंडाला तोंड लावून ठेवलेले. आत तान्ह्या बाळाची हाडं. तिथून पाय निघेना. बाळ कशानं गेलं, हे त्यावरून कळतं का?
– एक वाचक, शिरूर

उत्तर : बहुतेक वेळा नाही कळत. जुनी हाडं हाताळायला लागून पंचवीस वर्षं झाली, तरी हे सांगताना अजून जड जातं. जुलाब, ताप, धाप असली दुखणी बाळाला चार दिवसांत नेतात. हाडावर खूण उमटायला आठवडे, कधी महिने लागतात. त्यामुळे झटक्यात गेलेल्या बाळाचं हाड अगदी स्वच्छ असतं. वय मात्र महिन्यांच्या हिशेबात कळतं, कारण हिरडीखाली दुधाचे दात कितपत तयार झालेत ते दिसतं. मुलगा की मुलगी, हे एवढ्याशा हाडांच्या आकारावरून मी कधीच सांगत नाही.

खरा भरवसा दातांचा. दात घडत असताना मोठं दुखणं आलं किंवा पोटाला कमी पडलं, तर दातावरचं कवच, म्हणजे इनॅमल, तेवढ्यापुरतं नीट धरत नाही आणि तिथं खाच राहते. हाड जन्मभर झिजतं, भरतं. इनॅमल एकदा झालं की झालं. माझ्या मुलीला दोन वर्षांची असताना टायफॉइड झाला, महिनाभर अंथरुणात होती. आज तिच्या वरच्या पुढच्या दातावर मधोमध आडवी रेघ आहे. खिडकीच्या उजेडात दिसते, नखाला लागते.

घोड नदीकाठच्या इनामगावातल्या मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवरही छोटे खळगे आहेत. जॉन लुकास आणि सुभाष वाळिंबे या मानववंशशास्त्रज्ञांनी ते तपासून १९९८ मध्ये त्यावर लिहिलं. तीन हजार वर्षांपूर्वीचे दात आहेत हे! असा खळगा दिसला की लोक हळहळतात. मला मात्र त्यात आधी दिसतं ते हे, की मूल त्या दुखण्यातून उठलं होतं. उठलं नसतं, तर पुढचं इनॅमल बनलंच नसतं.

मोठ्यांचंही तेच. राजस्थानातल्या बालाथलच्या, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाच्या कवटीत कुष्ठरोगाच्या खुणा असल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. नाकाच्या भोकाची हाडाची कड झिजून गोल झालेली. इतकं झिजायला वर्षं लागतात. तेवढी वर्षं तो त्या रोगासकट जगला.

म्हणून तुम्ही पाहिलेल्या बाळाच्या हाडांवर काहीच खूण नसली, तर ते निरोगी होतं असं कृपा करून समजू नका.