अविभाजित की अविभेदित?

दारव्हा तालुक्यातल्या एका गुरुजींचा प्रश्न आहे: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातल्या तक्त्यावर 'रेसिड्युअल अनडिफरन्शिएटेड स्टेम सेल्स'साठी 'शिल्लक अविभाजित मूलपेशी' लिहिलं तर चालेल का? आणि 'इलेक्ट्रोकेमिकल सेन्सिंग'ला काय म्हणायचं?

गुरुजी, 'मूलपेशी' राहू द्या, तो रूढच आहे. 'अविभाजित' मात्र खोडा. विभाजन म्हणजे एका पेशीच्या दोन होणं, आणि या पेशी ते धडाक्यानं करतात. त्यांची धास्ती आहे ती त्याचमुळे. त्यांचं झालेलं नसतं ते विभेदन, म्हणजे हृदयाची, डोळ्याच्या पडद्याची अशी ठरावीक पेशी होणं. म्हणून 'अविभेदित'. शब्द जड आहे खरा. पोरांना तोंडी सांगताना 'अजून कशाचीच न झालेली पेशी' म्हणा. (झालेलं विभेदन उलटवताही येतं. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशी पुन्हा मूलपेशींसारख्या करून दाखवल्या.)

'शिल्लक'ही मला खटकतो. शिल्लक सोसायटीच्या खात्यात असते, हवीशी असते. या पेशी नकोशा. मूलपेशींपासून समजा उपचारासाठी हृदयाच्या पेशी तयार केल्या आणि काही मूळच्या तशाच राहिल्या, तर रुग्णाच्या शरीरात त्यांची टेराटोमा नावाची गाठ होऊ शकते. निंदणात हरळीची एखादी काशी सुटली की ती पुन्हा वावरभर होते. तिला आपण 'राहून गेली' म्हणतो; इथंही तेच म्हणा. 'अवशिष्ट' पाठ्यपुस्तकाला ठेवा.

'सेन्सिंग'साठी 'संवेदन' नको, त्यानं चटका आणि गुदगुल्या आठवतात. 'विद्युत-रासायनिक शोध' पुरे. कारण शोधच असतो तो: अविभेदित मूलपेशींवर अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर (एन्झाइम) भरपूर असतं. त्याला पॅरा-अमिनोफेनिल फॉस्फेट दिलं की ते त्यातला फॉस्फेटचा भाग तोडतं आणि पॅरा-अमिनोफेनॉल मोकळं होतं. इलेक्ट्रोडवर हे रसायन सहज इलेक्ट्रॉन देतं, त्यातून होणारा बारीक विद्युतप्रवाह मोजायचा. विकर जास्त, तर प्रवाह जास्त.

मात्र तक्त्यावर 'प्रवाह मिळाला म्हणजे मूलपेशी सापडल्या' असं लिहू नका. लिव्हरच्या तपासणीच्या कागदावर 'एएलपी' छापलेलं असतं ना, ते हेच विकर. यकृतात असतं, हाडांतही असतं. तेव्हा 'सापडल्या' ऐवजी 'असल्याचा संकेत मिळाला' लिहा, आणि मथळा 'राहून गेलेल्या अविभेदित मूलपेशींचा विद्युत-रासायनिक शोध' असा द्या. लांब होतो, पण तक्ता मोठा आहे.