अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूप्रकरणी पोलीस अधिकारी डेरेक शॉविनला शिक्षा मीडिया आणि नेत्यांच्या दबावामुळे झाली का? आपल्याकडे ज्युरी (खटल्याचा निकाल देणारे सामान्य नागरिक) नाही, म्हणजे इथे असा दबाव चालत नाही ना?

दबाव होता, आणि प्रचंड होता. पण शिक्षा त्यामुळे झाली असं मला वाटत नाही. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मात्र मला जास्त अस्वस्थ करतो. मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो, आणि ज्युरी नाही म्हणून आपण सुटलो हे मला अजिबात पटत नाही.

आधी हे घडलं त्या मिनिआपोलिस शहराचं बघू. 25 मे 2020 ला जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला, तेव्हा पोलिसांच्या पहिल्या निवेदनात शॉविनने त्याच्या मानेवर दाबलेल्या गुडघ्याचा उल्लेखच नव्हता. प्रकृती बिघडून माणूस दगावला, असा त्याचा सूर होता. रस्त्यावर उभ्या असलेल्या एका 17 वर्षांच्या मुलीने मोबाइलवर सगळं टिपलं नसतं तर फाइल तिथेच बंद झाली असती, असं मला वाटतं. लोक रस्त्यावर उतरले, म्हणून यंत्रणा हलली. हा दबाव मी चूक मानत नाही. पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसांनीच नोंदवायची असते, तिथे कोणीतरी आरडाओरडा केल्याशिवाय काही होत नाही.

सुनावणी सुरू झाल्यावरचा दबाव वेगळा. मार्च 2021 मध्ये ज्युरीची निवड चालू असतानाच शहराने फ्लॉइडच्या कुटुंबाला 2 कोटी 70 लाख डॉलर देण्याचं जाहीर केलं. न्यायाधीश पीटर केहिल यांनी तोवर निवडलेल्या ज्युरींना पुन्हा प्रश्न विचारले आणि त्या बातमीचा परिणाम झालेल्या दोघांना वगळलं. एप्रिलमध्ये खासदार मॅक्सीन वॉटर्स यांनी आंदोलकांसमोर, निकाल मनासारखा लागला नाही तर आणखी आक्रमक व्हा, अशा अर्थाचं वक्तव्य केलं. केहिल यांनी खटला रद्द करण्याची बचाव पक्षाची मागणी फेटाळली, पण भर कोर्टात सांगितलं की या बोलण्याने अपिलात तुमच्या हाती मुद्दा लागला असेल. वॉटर्स फ्लॉइडच्या बाजूने बोलत होत्या आणि उपयोग होणार होता शॉविनला!

शिक्षा झाली ती पुराव्याने. नऊ मिनिटांहून जास्त वेळ मानेवर गुडघा दिसत होता, आणि पोलिसप्रमुखांनी स्वतः येऊन साक्ष दिली की हे आमच्या प्रशिक्षणात बसत नाही. साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली, 2023 मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने ती कायम ठेवली.

आता आपल्याकडचं. न्यायाधीश बातम्या बघून निकाल देत नाहीत, मान्य. पण दबाव निकालापर्यंत पोहोचेपर्यंत थांबतो कुठे? तो साक्षीदारावर येतो. कोठडीतल्या मारहाणीच्या एका खटल्यात मी हे बघितलं. साक्षीदार कोर्टाबाहेरच्या बाकावर बसलेला, हातातलं समन्स घड्या घालून घालून मऊ पडलेलं. पैरवीला, म्हणजे खटल्यात पोलिसांतर्फे कोर्टाचं काम बघायला, आलेला हवालदार त्याच्या शेजारी येऊन बसला. चहा मागवला. ‘पोरगा काय करते तुमचा? पानठेला चौकातच लावते नं?’ एवढंच विचारलं. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. पुकारा झाला, माणूस पिंजऱ्यात उभा राहिला आणि आपण जबाब दिल्याचंच त्याला आठवेना. सरकारी वकिलांनी फितूर म्हणून उलटतपास घेतला. हाती काही लागलं नाही. त्या दिवशी कोर्टात एकही पत्रकार नव्हता. अटकेच्या दिवशी मात्र कॅमेऱ्यांची गर्दी होती.

मुंबईतलं लखनभैया प्रकरण बघा. नोव्हेंबर 2006 मध्ये पोलिसांनी लखनभैयाला बनावट चकमकीत मारलं. प्रमुख साक्षीदार 2011 मध्ये साक्षीच्या तोंडावर बेपत्ता झाला आणि त्याचा मृतदेह सापडला. तरी मृताच्या वकील भावाने पिच्छा सोडला नाही, आणि 2013 मध्ये 13 पोलिसांसह 21 जणांना जन्मठेप झाली. त्यानंतर 2015 मध्ये राज्य सरकारने त्यातल्या 11 पोलिसांची शिक्षाच स्थगित केली. तो आदेश पुढे उच्च न्यायालयाने रद्द केला. निकाल लागल्यावरही राजकारण थांबत नाही, ते असं.

आणि आपल्याकडे जनमताचा दबाव बहुतेक वेळा पोलिसांच्या बाजूनेच असतो. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार केल्याचा आरोप असलेल्या माणसाचा 23 सप्टेंबर 2024 ला पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मृत्यू झाला, तर लगेच मुंबईत ‘बदला पुरा’चे फलक लागले. जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात पाच पोलिसांना जबाबदार धरलं गेलं. त्या आरोपीवरचा गुन्हा भयंकरच होता. पण फलक लागलेल्या वातावरणात पोलिसांविरुद्ध साक्ष द्यायला कोण पुढे येणार?

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली आणि ती देशभर लागू करायला सांगितलं. अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जातो. पण साक्षीदाराला कितपत धोका आहे, याचा अहवाल त्या भागातल्या पोलीस अधिकाऱ्याकडूनच मागवला जातो. आरोपी पोलीस असेल तेव्हा तरी हा अहवाल दुसऱ्या यंत्रणेकडून यायला हवा. नेत्यांना आणि चॅनेलवाल्यांना खरंच दबाव आणायचा असेल, तर तो यासाठी आणावा.