बाईंना विचारा : ‘पुढे काय झालं?’

प्रश्न : बाई, सा. न. मी तुमची जुनी विद्यार्थिनी, आता इंदिरानगरला असते. गेल्या रविवारी नातवाला घेऊन दादासाहेब फाळक्यांनी पहिला सिनेमा कसा केला त्यावरचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ पुन्हा पाहिला, दोघंही पोट धरधरून हसलो. दुसऱ्या दिवशी त्याला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकात नेलं, तर तिथे म्हणतो, “आजी, मग फाळके खूप श्रीमंत झाले ना?” मी गप्पच. जावई म्हणतात, हे सिनेमे म्हणजे इतिहासाला साखर लावणं, मुलांना दाखवूच नयेत. तुम्हाला काय वाटतं?
— एक आजी

उत्तर : अगं, तू आजी झालीस हे वाचून आधी मी माझं वय मोजलं, मग प्रश्न वाचला.

जावईबापूंना सांग, साखर असेल, पण आतला ऐवज बराचसा खरा आहे. आपल्या त्र्यंबकला जन्मलेले हे गृहस्थ खरोखरच जादूचे प्रयोग करायचे आणि आडनाव उलटं वाचून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणवून घ्यायचे. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते 1912 मध्ये लंडनला गेले. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये राजाची राणी तारामती व्हायला एकही बाई तयार होईना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवलं. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मच्या कडांना भोकं पाडायच्या, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करायच्या. यातलं काही रचायची गरजच पडली नाही. संवाद रचलेले असणारच. नवरा-बायको चुलीपाशी काय बोलले, ते कोण लिहून ठेवतं? महिन्यांचे आठवडे केले, दोन शेजाऱ्यांचा एक केला, तर मी चालवून घेते. भिंतीवरचं कॅलेंडर चुकलं म्हणून ओरडणारी माणसं मला कंटाळवाणी वाटतात. (हो, सनावळ्यांसाठी तुम्हाला बाकावर उभी करणारी मीच. विसरले नाहीये.)

मी बघते ते गोष्ट कुठून उचलली आणि कुठे सोडली. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 ला गिरगावात कोरोनेशनमध्ये लागला, त्या यशाच्या भरात सिनेमा आपल्याला घरी पाठवतो. गोध्र्याला प्लेगात फाळक्यांची पहिली बायको आणि मूल गेलं, ते त्याआधीचं. आणि तुझ्या नातवाला हवं असलेलं ‘पुढे’ घडलं ते बरंचसं आपल्या नाशकातच. 1917 चा ‘लंकादहन’ तुफान चालला. अण्णा साळुंके त्यात राम आणि सीता दोन्ही झाले होते. 1918 मध्ये मुंबईच्या भागीदारांच्या पैशावर इथे हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. भागीदारांशी बिनसलं, फाळके उठून काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं, मग परत आले. बोलपट आले आणि त्यांचं जग मागे पडलं. 1937 चा ‘गंगावतरण’ हा शेवटचा. 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकलाच गेले, ओढगस्तीत. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला 1969 मध्ये. म्हणजे नातवाच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’.

तरी या सिनेमाला मी खोटा म्हणणार नाही. पहिला सिनेमा कसा झाला तेवढंच सांगतो म्हणाला, तेवढंच सांगितलं. खोटेपणा कसा असतो ते मला ठाऊक आहे, कारण एकदा मीच केलाय.

तू तेव्हा लहान वर्गात असशील. स्नेहसंमेलनात मी काळाराम सत्याग्रहावर, म्हणजे आपल्या काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या लढ्यावर, नाटुकलं बसवलं होतं. 2 मार्च 1930, बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड, मिरवणूक, रामनवमीला रथावरून झालेली दगडफेक, सगळं नीट होतं. शेवटी मात्र मी पुठ्ठ्याचं महाद्वार उघडलं, आत समया लावल्या आणि सगळ्या मुलांना हातात हात घालून आत नेलं. टाळ्या थांबेनात. पाहुणे खूश, मी त्याहून खूश. वास्तविक सत्याग्रह काही वर्षं चालला, पण दार उघडलं नव्हतं. हे मला माहीत होतं. वर्गात मी हेच शिकवायची. पण स्टेजवर शेवट गोड हवा होता.

कार्यक्रम संपल्यावर पन्नाशी उलटलेले एक पालक थांबले. लहानपणी आईचं बोट धरून त्या गर्दीत उभे राहिलेले. चिडले वगैरे नाहीत. म्हणाले, “बाई, नाटक छान झालं. पण दार उघडलं होतं, तर मग बाबासाहेब येवल्याला तसं कशाला बोलले?”

येवला, 13 ऑक्टोबर 1935. ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही घोषणा. माझ्या त्या समयांनी तिचं कारणच पुसून टाकलं होतं, आणि त्या माणसाच्या आईचं उभं राहणंही. पुढच्या वर्षी मी तेच नाटुकलं पुन्हा बसवलं, दार बंद ठेवून. टाळ्या कमी पडल्या.

तेव्हा नातवाला सिनेमा खुशाल दाखव. पाट्या सुरू झाल्या की टीव्ही बंद कर आणि उरलेलं तू सांग, गोध्रा आणि काशीसकट. मग मोबाइलवर फाळक्यांच्या ‘कालियामर्दन’चे तुकडे शोध, 1919 चा आहे. त्यातला कृष्ण म्हणजे त्यांचीच मुलगी, मंदाकिनी. नीट बघायला सांग त्याला, बहुधा त्याच्याच वयाची दिसेल. ती पुढे काय झाली, असं विचारलंच, तर मला पुन्हा लिही.