मुलाचा प्रश्न 'देव एकच' म्हणून टाळू नका

कॅनडातल्या मिसिसॉगाहून एका आईचं पत्र आलंय. त्यात काळज्या बऱ्याच आहेत, पण मला एकच डाचते आहे. तिचं माहेर वसईचं कॅथलिक, सासर नगरचं प्रोटेस्टंट. ती लिहिते: "मुलाला ताप होता तेव्हा मी संत गोन्सालो गार्सियांना 'आमच्यासाठी विनंती करा' म्हणत होते. सासूबाई त्याच्यासमोरच म्हणाल्या, मेलेल्यांना हाका मारू नयेत. आता तो विचारतो, मम्मी, ते मेलेत तर ऐकतात कसे? मी म्हटलं, देव एकच आहे, झोप आता."

अगं, ज्या प्रश्नावर चर्चमध्ये पाचशे वर्षं वाद चाललाय तोच पोराने विचारला, आणि तू त्याला झोपवलंस! तुझी कुचंबणा कळते मला. परदेशात सासू चार महिन्यांसाठी येते, घर लहान असतं, वाद नको वाटतो. पण उत्तर द्यायलाच हवं.

त्याला सांग, 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मारलेला आपल्या वसईचा गोन्सालो देवाजवळ जिवंत आहे, असं आपण मानतो. बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात स्वर्गातले वडीलजन पवित्र जनांच्या प्रार्थना धुपाच्या वाट्यांत घेऊन कोकऱ्यापुढे, म्हणजे ख्रिस्तापुढे, पालथे पडले आहेत. शेजारणीला "माझ्यासाठी प्रार्थना कर" म्हणतो, तसंच त्यांना म्हणतो.

मग आजीची बाजूही तूच सांग, तितक्याच मनापासून. बायबलमध्ये तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात ख्रिस्त हा एकच मध्यस्थ म्हटलाय. संत देवाजवळ आहेत हे आजीही मानते, पण त्यांना हाक मारा असं शास्त्रात कुठे सांगितलंय, असं ती विचारते. 1530 च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात, म्हणजे प्रोटेस्टंटांनी आपली श्रद्धा मांडली त्या लेखात, हेच आहे: संतांची आठवण ठेवा, त्यांच्यासारखी श्रद्धा ठेवा, धावा मात्र ख्रिस्ताचाच करा.

आमच्या घरी आई वसईची, वडील नगरचे. आई मरियेला विनवणारी जपमाळ म्हणायची, वडील शेजारी गप्प बसायचे आणि प्रभूच्या प्रार्थनेला आवाज मिसळायचे. गप्प का, ते त्यांनी आम्हाला लहानपणीच नीट सांगितलं होतं. आम्ही भावंडं गोंधळलो नाही. दोघांचाही आदर करायला शिकलो.

सासूबाईंशी तू स्वतः बोल, नवऱ्याला मध्ये घालू नकोस. 1563 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने संतांना विनवणं "चांगलं आणि उपयुक्त" म्हटलं, आणि तिथेच ख्रिस्त हाच एकमेव तारणारा असंही लिहिलं, हे त्यांना दाखव. त्यांना पटणार नाही कदाचित. पण मुलासमोर "मेलेल्यांना हाका" असं पुन्हा बोलू नका, एवढं हक्काने माग. आणि घरची सगळी एकत्र प्रार्थनेला बसतील तेव्हा येशूच्या नावानेच प्रार्थना करा. तुझी जपमाळ तुझ्या वेळी होऊ दे.

बाकीचं थोडक्यात. मुलाला मराठीच्या वर्गाला घाल, रडला तरी. नाताळला तुमची मिस्सा की त्यांची उपासना, हे नवराबायकोने आधी ठरवून मग सासूबाईंना सांगा. दिराला पैसे पाठवण्याचं नवऱ्यालाच विचार.

मुलाशी मात्र याच आठवड्यात बोल, आणि जमलं तर आजीलाही शेजारी बसव.